निवडीच्या उंबरठ्यावर : बलराज साहनी

नट रंगमंचावर उभा राहतो तेव्हा शेकडो डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. परंतु त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रवेश बहुधा एकाच माणसासमोर पार पडतो. तेथे पडदा नसतो, रंगभूषा नसते, टाळ्या तर नसतातच. समोर बसलेला दिग्दर्शक त्याला आपादमस्तक न्याहाळतो आणि ही भूमिका या माणसाला पेलेल काय, याचा निर्णय मनाशी घेऊ लागतो. अशा वेळी नटाने कसे वागावे? आर्जव करावे, वाद घालावा, की अपमान गिळून मुकाट्याने परत फिरावे? या प्रश्नाचे उत्तर नाट्यशास्त्रावरील ग्रंथांत शोधण्यापेक्षा एखाद्या थोर नटाच्या चरित्रात शोधणे अधिक फलदायी ठरते. मला ते बलराज साहनी यांच्या जीवनात सापडले.

बलराजजींचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडी येथे एका पंजाबी कुटुंबात झाला. वडील हरबन्सलाल कापडाचे व्यापारी आणि कट्टर आर्यसमाजी. मुलाने संस्कृत शिकावे, सचोटीने वागावे आणि पुढे आपली पेढी सांभाळावी, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. धाकटे बंधू भीष्म साहनी पुढे हिंदी साहित्यात फार मोठे लेखक म्हणून मान्यता पावले. बलराजजी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी वाङ्मय घेऊन एम. ए. झाले. तेथे प्रा. सोंधी आणि प्रा. बुखारी यांच्यासारखे नाट्यवेडे अध्यापक होते. महाविद्यालयीन रंगमंचावर उभे राहण्याची गोडी बलराजजींना तेथेच लागली. आपल्यापैकी ज्यांना संमेलनाच्या नाटकाने वेड लावले आहे, त्यांना हा धागा ओळखीचा वाटेल.

पदवी घेऊन ते काही काळ वडिलांच्या व्यापारात बसले. पण तेथे त्यांचा जीव रमेना. अखेर पत्नी दमयंती यांच्यासह त्यांनी घर सोडले. १९३७ च्या सुमारास शांतिनिकेतनात ते अध्यापक झाले. तेथे हजारीप्रसाद द्विवेदींसारख्या विद्वानांचा सहवास लाभला, आणि मातृभाषेत, म्हणजे पंजाबीत, लिहिण्याची प्रेरणा साक्षात रवींद्रनाथांकडून मिळाली. बंगाली भाषाही कानावर पडून ओळखीची झाली. ही बंगाली पुढे एका विलक्षण प्रसंगी त्यांच्या कामी आली, म्हणून तिचा उल्लेख येथेच करून ठेवतो. तेथून ते गांधीजींच्या सेवाग्रामला गेले व नयी तालीमच्या कार्यात सहभागी झाले. विदर्भाच्या मातीशी त्यांचा हा अल्पकाळचा ऋणानुबंध. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बी. बी. सी. च्या हिंदुस्थानी विभागात त्यांनी निवेदक म्हणून काम केले, आणि १९४४ साली ते स्वदेशी परतले.

अध्यापक, लेखक, निवेदक अशा पायऱ्या चढून आलेला हा तिशीतला सुशिक्षित गृहस्थ आता मुंबईत नट होऊ पाहत होता. लाहोरच्या दिवसांपासूनचे मित्र चेतन आनंद यांनी ‘नीचा नगर’ या आपल्या नियोजित चित्रपटात भूमिका देऊ केली, त्या भरवशावर साहनी पतिपत्नी मुंबईस आली. पण पैशाअभावी तो चित्रपट रेंगाळला, आणि शेवटी बनला तेव्हा त्यात बलराजजी नव्हते. मित्राचा शब्द म्हणजे भूमिका नव्हे, हा या नगरीने त्यांना दिलेला पहिला धडा.

त्याच सुमारास ‘इप्टा’ ही लोकनाट्य चळवळ मुंबईत जोर धरू लागली होती. आपले अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांचा आवाज याच चळवळीतून कामगार वस्त्यांत घुमला. चेतन आनंदांबरोबर बलराजजी एकदा इप्टाच्या बैठकीस गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी तेथे आपले ‘झुबेदा’ हे नाटक वाचून दाखवले, आणि त्याचे दिग्दर्शन बलराज साहनी करतील असे परस्पर जाहीरही करून टाकले! अशा रीतीने नट म्हणून उभे राहण्याआधीच ते मुंबईत दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसले. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जो स्वतः पात्रे निवडतो, त्याला दिग्दर्शकाचे मन कळते. समोर येणारा प्रत्येक नट चांगला असला तरी प्रत्येक भूमिकेत तो बसतोच असे नाही, आणि नकार देणाऱ्यालाही तो देताना आनंद होत नसतो, हे त्याला अनुभवाने समजते.

१९४६ साली अब्बास यांनी इप्टाच्या कलावंतांना घेऊन ‘धरती के लाल’ हा चित्रपट काढला. १९४३ च्या बंगालमधील भीषण दुष्काळाची ती कहाणी होती. त्यात बलराजजींनी शेतकऱ्याची भूमिका केली. काम प्रामाणिक होते. परंतु त्याने पोट भरण्याजोगे नाव झाले नाही. पुढच्याच वर्षी दमयंतींचे अकाली निधन झाले. पृथ्वी थिएटर्सच्या ‘दीवार’ नाटकाने त्या नामवंत झाल्या होत्या, आणि घरचा बराचसा भार त्यांच्याच मिळकतीवर होता. पदरी दोन लहान मुले, हाताला नियमित काम नाही, राजकीय मतांमुळे सरकारचा रोष, अशा अवस्थेत बलराजजी काही काळ तुरुंगातही गेले. के. असिफ यांच्या ‘हलचल’ या चित्रपटात ते तुरुंगाधिकाऱ्याचे काम करीत होते, आणि त्यासाठी स्वतः कैदी असलेला हा नट पोलिसांच्या पहाऱ्यात तुरुंगातून चित्रीकरणासाठी येत असे. दैवाने असा विनोद फार थोड्या नटांशी केला असेल. मुलगा परीक्षित यानेही लहान वयात ‘दीदार’ चित्रपटात काम केले. घरची चणचण इतकी, की मुलाच्या कमाईलाही नाही म्हणता येत नव्हते, याची टोचणी बापाच्या मनाला होती.

याच दिवसांत बलराजजींच्या हातून दुसऱ्या एका नटाचे भाग्य उघडले. गुरुदत्त यांच्या १९५१ सालच्या ‘बाजी’ चित्रपटाची पटकथा बलराजजी लिहीत होते. मुंबईच्या बसमध्ये तिकिटे फाडता फाडता नकला करून उतारूंना हसवणारा एक तरुण वाहक त्यांच्या नजरेत भरला. त्याचे नाव बद्रुद्दीन काझी. त्याला घेऊन गुरुदत्तांकडे जावे आणि हा मुलगा फार गुणी आहे अशी शिफारस करावी, हा सरळ मार्ग होता. बलराजजींनी तो धरला नाही. गुरुदत्तांच्या कचेरीत दारुड्याचे सोंग घेऊन खुशाल शीर, असे त्यांनी त्या तरुणाला सुचवले. तो झिंगत, बडबडत आत आला आणि त्याने असा काही गोंधळ मांडला, की खरोखरीच कोणी मद्यपी घुसला अशी सर्वांची समजूत झाली. मग उलगडा करताच तो शुद्धीवर असलेल्या माणसासारखा ताठ उभा राहिला. गुरुदत्तांनी त्याला तत्काळ काम दिले. मद्याला न शिवणारा हा तरुण पुढे जॉनी वॉकर या नावाने घरोघरी पोहोचला.

ही गोष्ट मोठी गमतीची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातले मर्म अनेकांच्या ध्यानात येत नाही. चाचणीच्या वेळी काही तरी चमत्कारिक केले म्हणजे भूमिका मिळते, असा अर्थ तिच्यातून काढणे चुकीचे आहे. त्या तरुणाने रोज बसमधल्या गर्दीला हसवून आपली कला घासूनपुसून ठेवली होती. शिवाय पटकथालेखकानेच त्याला पाठवले असल्याने दिग्दर्शकाला काय हवे आहे याची जाण त्या खटपटीमागे होती. गुण सांगण्यापेक्षा ते दाखवावे, आणि समोरच्याला ज्याची गरज आहे तेच दाखवावे, एवढाच त्याचा बोध. तयारीवाचून केलेले सोंग चार घटका हसू आणते, काम मिळवून देत नाही.

दुसऱ्याला अशी वाट दाखवणारे बलराजजी स्वतः मात्र कॅमेऱ्यापुढे उभे राहताच गोठून जात. १९५१ सालीच आलेल्या ‘हम लोग’मध्ये झिया सरहदी यांनी त्यांना प्रमुख भूमिका दिली. निवड झाली होती, करार झाला होता. तरी पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. अंग ताठरले, घसा कोरडा पडला. दुसऱ्या कोणाला घ्या, मला सोडा, अशी विनवणी त्यांनी दिग्दर्शकाला केली. झिया सरहदी यांनी त्यांना सोडले नाही. मग या भूमिकेच्या बेकार तरुणाच्या मनात कोणती आग आहे तिकडे त्यांचे लक्ष वेधण्यात आले. स्वतःकडे पाहणे थांबवून त्या तरुणाच्या संतापाकडे पाहू लागताच बलराजजींचे अंग सैल झाले. मी कसा दिसतो आहे, या विचारात बुडालेला नट दिग्दर्शकाचे ऐकूच शकत नाही. हा माणूस कोण आहे, असे विचारू लागला की त्याचे कान उघडतात. निवड चाचणीत तर हे अधिकच खरे आहे, कारण तेथे भीतीला फार थोडा वेळ पुरतो.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून मुंबईस आलेले बिमल रॉय ‘दो बीघा जमीन’ची जुळवाजुळव करीत होते. सावकारी पाशातून आपली दोन बिघे जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शंभू महातो या शेतकऱ्याची ती कथा. बिमलदांच्या माणसांनी बलराजजींचे नाव सुचवले आणि त्यांना भेटीस बोलावले. बलराजजी गेले ते आपल्या नेहमीच्या नीटनेटक्या पोशाखात. लंडनला राहून आलेला, गोरापान, उंच, सुटाबुटातला हा गृहस्थ पाहताच बिमलदा चमकले. बसा म्हणण्याचेही त्यांना सुचले नाही. कसला विचित्र माणूस उचलून आणलात, अशा अर्थाचे काही तरी ते आपल्या सहकाऱ्यांना बंगालीत बोलले. शांतिनिकेतनात राहिलेल्या बलराजजींना ते सगळे समजले. नंतर बिमलदांनी त्यांना सरळच सांगितले, की माझ्या माणसांची चूक झाली, आम्हाला हवे असलेले पात्र अगदी निराळे आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. एम. ए. झालेला, रवींद्रनाथ आणि गांधीजी यांच्या सान्निध्यात राहिलेला, चाळिशीला टेकलेला माणूस दारात उभा आहे. त्याला खुर्चीही दिलेली नाही. त्याच्याविषयी परक्या भाषेत शेरा मारला गेला आहे आणि तो त्याने ऐकला आहे. घरी पैशाची विवंचना आहे. अशा वेळी दोन वाटा सहज पायाखाली येतात. एक म्हणजे संतापाने चार शब्द सुनावून निघून जाणे. दुसरी म्हणजे घरची अडचण सांगून गयावया करणे. पहिलीने अभिमान राखला जातो आणि भूमिका जाते. दुसरीने कदाचित दया मिळते. पण दयेवर मिळालेली भूमिका कधी उभी राहत नाही.

बलराजजींनी तिसरी वाट धरली. पात्र कसे आहे, एवढेच त्यांनी विचारले. अडाणी, गरीब खेडूत, असे उत्तर मिळाले. अशी भूमिका मी पूर्वी केली आहे, असे त्यांनी सांगितले. कोठे, असा प्रश्न येताच ‘धरती के लाल’चे नाव घेतले. बस्स, एवढेच. स्वतःची स्तुती नाही, पदवीचा उच्चार नाही, झालेल्या अपमानाचा निर्देश नाही. ‘धरती के लाल’ आणि इप्टा ही नावे ऐकताच बिमलदांची मुद्रा पालटली. ‘दो बीघा जमीन’चे कथाकार आणि संगीतकार सलील चौधरी स्वतः बंगालच्या इप्टातले. आतापर्यंत उभ्या असलेल्या नटाला बसायला सांगितले गेले, आणि शंभू महातो त्याच्या पदरात पडला.

यात दैवाचा भाग नव्हता असे मी म्हणणार नाही. पण सात वर्षांपूर्वी ती भूमिका केलीच नसती, तर त्या दिवशी सांगायला काय होते? आणि दिग्दर्शकाचा नकार हा आपल्या अंगावर केलेला वार आहे असे त्यांनी मानले असते, तर पात्राविषयीचा तो साधा प्रश्न त्यांच्या तोंडून निघालाच नसता. बिमलदांना बलराज साहनी नको होते असे नाही. त्यांना शंभू हवा होता. समोरच्या सुटाबुटात शंभू दिसत नव्हता, ही त्यांची खरी अडचण. बलराजजींनी ती अडचण आपली मानली.

म्हणूनच चाचणी त्या खोलीत संपली नाही. बिमलदांची शंका रास्त होती, आणि ती शब्दांनी नव्हे तर कामाने फेडायची होती. बलराजजी जोगेश्वरीच्या उत्तरेकडील भय्या लोकांच्या वस्तीत, म्हशींच्या गोठ्यांत जाऊन बसू लागले. ही माणसे कशी उकिडवी बसतात, कशी चालतात, डोक्याला पंचा कसा गुंडाळतात, भाकरतुकडा कसा खातात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. पुढे कलकत्त्यात ते हातरिक्षा ओढायला शिकले आणि तापलेल्या रस्त्यावर अनवाणी धावले. तरीही मन धास्तावलेलेच होते. तशात एक प्रौढ बिहारी रिक्षावाला भेटला. कसला सिनेमा काढता आहात, असे त्याने कुतूहलाने विचारले. बलराजजींनी कथा सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण पडलेली होती, आणि ती सोडवण्यासाठी तो वर्षानुवर्षे रिक्षा ओढीत होता. त्यानंतर बलराजजींनी अभिनयाच्या सिद्धान्तांचा विचार बाजूला ठेवला. या माणसाचे दुःख जगासमोर ठेवायचे, एवढेच काम आपल्याकडे आहे, अशी त्यांची भावना झाली.

‘दो बीघा जमीन’ १९५३ साली प्रदर्शित झाला. फिल्मफेअर पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि १९५४ साली कान येथील महोत्सवात त्याचा आंतरराष्ट्रीय गौरव झाला. ज्याला पाहून दिग्दर्शक चमकला होता, त्याच नटाला शंभूपासून वेगळे काढणे नंतर प्रेक्षकांना कठीण झाले.

पुढच्या वीस वर्षांत बलराजजींनी अनेक भूमिका केल्या. ‘काबुलीवाला’, ‘अनुराधा’, ‘वक्त’ ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कीर्ती आल्यावर दिग्दर्शकासमोर उभे राहण्याची रीत बदलली नाही. आयुष्याच्या शेवटी एम. एस. सथ्यू या तरुण दिग्दर्शकाच्या पहिल्या हिंदी चित्रपटात, ‘गर्म हवा’त, तुटपुंज्या साधनांत त्यांनी आग्र्याच्या सलीम मिर्झाचे काम केले. फाळणीनंतर घर न सोडणाऱ्या मुसलमानाची ती भूमिका. करणारा होता फाळणीत रावळपिंडीचे घर गमावलेला हिंदू. आदल्याच वर्षी त्यांची तरुण कन्या शबनम गेली होती, आणि चित्रपटातल्या बापालाही आपल्या मुलीचा मृत्यू पाहावा लागतो. हे सारे त्यांनी कोणताही आकांत न करता साकारले. त्या चित्रपटातील आपल्या संवादांचे ध्वनिमुद्रण संपवून दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते हे जग सोडून गेले. साठावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर होता.

बलराजजींच्या जीवनात राजकारण आहे, साहित्य आहे, प्रवासवर्णने आहेत. त्यांचा परामर्श घेण्यास हा लेख अपुरा आहे. मी केवळ त्या एका दाराशी घुटमळलो, कारण ते दार आपल्याही वाट्याला येते. संमेलनाच्या नाटकासाठी किंवा पुरुषोत्तम करंडकासाठी पात्रनिवड होते, तेव्हा दहा भूमिकांसाठी चाळीसजण येतात. तीसजणांना परत जावे लागणार, हे गणितच आहे. त्या तीसजणांनी बिमल रॉय यांचे पहिले वाक्य आठवावे. नकार आलाच तर निदान पात्र कसे हवे आहे एवढे विचारावे. आपण पूर्वी काही केले असेल तर ते थोडक्यात, बिनतक्रार सांगावे. आणि तरीही नाव लागले नाही, तर पडेल ते काम करून पुढच्या वेळी सांगण्याजोगे काही तरी जमवावे. ज्या दहाजणांची निवड होईल त्यांनी जोगेश्वरीचे गोठे आठवावेत, कारण त्यांची खरी चाचणी यादी लागल्यानंतर सुरू होते.

आणि निवड करणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना व विद्यार्थी दिग्दर्शकांना एक नम्र विनंती. समोर आलेल्या मुलाच्या कपड्यांवरून, बोलीवरून, गावावरून मत बनण्यापूर्वी त्याला आधी बसायला सांगावे. बिमलदांसारख्या थोर दिग्दर्शकाचीही पहिली नजर चुकली होती. पण उत्तर ऐकून आपले मत बदलण्याचा मोठेपणा त्यांच्याजवळ होता, म्हणून शंभू महातो आपल्याला लाभला. नटाच्या नम्रतेला दिग्दर्शकाच्या उदारतेची जोड मिळते तेव्हाच चांगले नाटक उभे राहते.